जास्तीचं पान

मागे बसलेल्या मंडळींना ऐकू येतंय ना? बरं.

या व्याख्यानमालेत आम्हाला एरवी तत्त्वज्ञानावर बोलायला बोलावतात. यंदा संयोजकांनी विषय आमच्यावर सोडला आणि आम्ही हे पुष्प इतिहासाचं निवडलं. इतिहासकार आम्ही नव्हे. उभा जन्म तर्कशास्त्र आणि भारतीय दर्शनं शिकवण्यात गेला. पण निवृत्तीनंतरची बरीच वर्षं आम्ही एका माणसाचा माग काढतो आहोत, आणि पौडमध्ये बोलायचं तर त्याच्याबद्दलच बोलावं असं वाटलं, कारण तो इथलाच. मुळशी पेट्यातला.

आमच्या लहानपणी सर्वपित्री अमावस्येला घरी म्हाळ असायचा. भात, वरण, खीर, वडे, गवारीची भाजी, डांगर, कढी. पितरांची पानं मांडली की आजी एकेक नाव घेऊन पाणी सोडायला सांगायची. सगळी नावं झाली की शेवटी एक पान उरायचं. त्या पानाला नाव नव्हतं. आम्ही एकदा विचारलं, हे कुणाचं? आजी म्हणाली, "काळ्या पाण्यावर गेलेल्याचं." आणि पुढे म्हणाली, "जेव आता."

एवढंच. या दोन वाक्यांच्या बळावर आम्ही शोधाला निघालो.

पहिली अडचण आली ती 'काळं पाणी' या शब्दाचीच. हा शब्द ऐकला की आपल्या मराठी मनात एकच चित्र उभं राहतं. अंदमान, सेल्युलर जेल, तेलाचा घाणा, नारळाच्या काथ्याचं कूट. याचं कारण उघड आहे. १९२७ साली 'माझी जन्मठेप' छापून आलं आणि नंतरच्या तीन पिढ्यांनी ते वाचलं किंवा ऐकलं. आमची आजीसुद्धा पुढे पुढे सांगायला लागली होती की त्याला घाण्याला जुंपला होता म्हणे. आम्हीही ते खरं धरून चाललो होतो. पण सेल्युलर जेलचं बांधकामच १८९६ च्या सुमारास सुरू झालं आणि १९०६ ला संपलं. आमच्या माणसाचा काळ, तो कसा काढला ते पुढे सांगतो, त्याच्या निदान पन्नास वर्षं आधीचा. म्हणजे आजीच्या आठवणीतला घाणा हा उसना होता. ती खोटं बोलत नव्हती. रिकामी जागा होती, तिथे गावाला माहीत असलेलं एक चित्र येऊन बसलं. घराण्याच्या आठवणी अशाच बनतात, आणि शोध घेणाऱ्याने आधी हे उसनं सामान वेगळं करून ठेवायला हवं.

तर, काळं पाणी म्हणजे केवळ अंदमान नव्हे. अंदमानला कैद्यांची कायमची वसाहत १८५८ च्या मार्चमध्ये सुरू झाली, सत्तावनच्या उठावानंतर. त्याच्या आधी सत्तर वर्षं कंपनी सरकार हिंदुस्थानातले कैदी समुद्रापार पाठवतच होतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस सुमात्रा बेटावरचं बेंकुलेन आणि मलायातलं पिनांग. १८१५ पासून १८३७ पर्यंत मॉरिशस. तिथे बंगाल आणि मुंबई इलाख्यांतून मिळून दीड हजाराच्या आसपास कैदी गेले. १८२५ पासून सिंगापूर. शिवाय ब्रह्मदेशाचा तेनासरीम किनारा. एडन तर मुंबई सरकारच्याच ताब्यात, तेव्हा तिथेही माणसं जात. आपले वासुदेव बळवंत फडके एडनलाच नेले गेले, अंदमानला नव्हेत. आजीचं वाक्य या सगळ्या जागांना लागू पडत होतं. म्हणून आधी काळ ठरवणं भाग होतं.

काळ कशावरून ठरवायचा? कागद नव्हता. पण बायकांची साखळी होती, आणि मंडळी, आमचा अनुभव सांगतो, घराण्याच्या इतिहासात पुरुषांच्या वंशावळीपेक्षा सासू-सुनांची साखळी जास्त भरवशाची असते. पुरुष नावं लक्षात ठेवतात, बायका कोण कुणाच्या वेळी हयात होतं ते लक्षात ठेवतात. आमची आजी म्हणायची, "प्लेगच्या साली मी पाळण्यात होते." पुण्याचा प्लेग १८९७ चा, म्हणजे तिचा जन्म १८९६-९७ चा. तिची सासू लग्न होऊन आली ती थोरल्या दुष्काळात, म्हणजे १८७६ ते ७८ च्या दरम्यान. आणि या सासूने आजीला सांगितलेलं होतं की मी घरात आले तेव्हा काळ्या पाण्यावर गेलेल्याची बायको हयात होती. पाठीतून पार वाकलेली होती. कपाळाला ठसठशीत कुंकू होतं.

आता हिशेब करू. १८७७ च्या सुमारास पाठीतून वाकलेली, म्हणजे साठीच्या आगेमागे. जन्म १८१५ ते २० धरा. नवऱ्याला नेलं तेव्हा ती "नुकती नांदायला आलेली" होती आणि मूलबाळ नव्हतं. तेव्हा त्याला नेल्याचं साल १८३५ ते ४५ च्या दरम्यान कुठेतरी पडतं. दोन बायकांच्या तोंडी आठवणींनी जवळजवळ एक शतक ओलांडून आम्हाला दहा वर्षांच्या पट्ट्यात आणून सोडलं. अंदमान गेलं, सेल्युलर जेल गेलं, घाणाही गेला.

या दहा वर्षांत आपल्या डोंगरात काय चाललं होतं? १८१८ ला पेशवाई बुडाली. किल्ल्यांवरची शिबंदी मोडली. घाटवाटा आणि रानं राखण्याबद्दल डोंगरातल्या लोकांना जे हक्क आणि नेमणुका होत्या, त्या कमी झाल्या किंवा गेल्या. सारा रोख भरायचा, मग सावकार आला. १८२७ ला मुंबई सरकारने एल्फिन्स्टनच्या देखरेखीखाली तयार झालेले कायदे एकत्र लागू केले. त्यातल्या चौदाव्या कायद्यात गुन्हे आणि शिक्षा आल्या, आणि देहदंडाच्या खालोखाल समुद्रापार पाठवण्याची शिक्षा आली. कायदा, कर्ज आणि रिकामे हात, सगळं एका पिढीत. उमाजी नाईकांना पुण्यात फाशी झाली ती १८३२ ला. १८३९ ला पुणे जिल्ह्याच्या घाटमाथ्यावर कोळ्यांचं बंड झालं. पुढारी म्हणून भाऊ खरे, चिमणाजी जाधव, नाना दरबारे अशी नावं येतात. पेशव्यांचं राज्य परत आणायचं म्हणून घोडेगावच्या सरकारी कचेरीवर चाल झाली, रात्रभर हल्ले झाले, ते मोडून काढले गेले आणि ५४ माणसं पकडली गेली. पुढे १८४४-४५ पासून राघोजी भांगरे यांचा उठाव, सावकारांची नाकं कापली गेली ती याच वेळी. राघोजींना २ मे १८४८ ला ठाण्याला फाशी झाली.

१८३९ च्या ५४ जणांचं काय झालं ते पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये आहे. काहींना फाशी, काहींना जन्मठेपेचं काळं पाणी, चोवीस जणांना मुदतीची कैद, बाकीचे बहुतेक सुटले. आम्ही हा परिच्छेद किती वेळा वाचला असेल याची गणती नाही. डोळा दर वेळी "काहींना" या शब्दावर अडतो. आमचा माणूस त्या "काहींना"मध्ये आहे का? असू शकतो. तो पुढच्या उठावातलाही असू शकतो. आणि, हे बोलायला जरा जड जातं, तो या दोन्हींतला नसूही शकतो.

कारण घरात दुसरी गोष्टही होती. आजी म्हणायची बंडात गेला. पण आजोबांचे एक चुलतभाऊ होते. आम्ही कॉलेजात होतो तेव्हा एकदा ते हळू आवाजात म्हणाले, "कसलं बंड रे, वाण्याच्या घरी दरोडा घातला होता. माणूस मेला त्यात." ते ऐकून आम्ही काही वर्षं हा विषयच सोडून दिला होता. प्रामाणिकपणे सांगतो, लाज वाटली. आणि पुढे शोध पुन्हा सुरू केला तो बंडाचा पुरावा मिळावा म्हणूनच. हेतू शुद्ध नव्हता. घराण्यात एखादा क्रांतिकारक निघावा असं कुणाला वाटत नाही?

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण बघण्यासारखं आहे. तिथे इंग्लंडातून पाठवलेल्या कैद्यांचे वंशज पिढ्यान्‌पिढ्या ते लपवत आले. डाग म्हणायचे त्याला. आणि गेल्या पन्नास वर्षांत वारं असं फिरलं की आपला पूर्वज कैदी होता हे लोक अभिमानाने सांगतात, मग तो रुमाल चोरून गेलेला का असेना. त्यांना त्याला वीर करावं लागत नाही. आपल्याकडे मात्र दोनच खण आहेत, हुतात्मा नाहीतर चोर. पहिल्यात बसत नसेल तर त्याचं नाव घ्यायचं नाही. आमच्या घराने नाव घेतलं नाही, याचा अर्थ आम्हाला आता लागतो आहे असं वाटतं.

सरकारच्या भाषेत तर बंड आणि दरोडा यांत फरक फारसा नव्हताच. सावकाराच्या घरात वीस माणसं शिरली, खतं जाळली आणि जाताना भांडीही नेली, तर ते काय? दोन्ही. जाळणारा आणि नेणारा एकच माणूस असू शकतो. त्याच्या पोटात भूक आणि डोक्यात राग एकाच रात्री असू शकतो. चार्ल्स डार्विन १८३६ साली मॉरिशसला उतरला होता. तिथे रस्त्यांवर काम करणारे सुमारे आठशे हिंदी कैदी त्याने पाहिले. त्यांची स्वच्छता, धर्माचे आचार पाळण्यातला नेटकेपणा बघून त्याला आश्चर्य वाटलं. न्यू साउथ वेल्समधल्या गोऱ्या कैद्यांकडे ज्या नजरेने बघितलं त्या नजरेने यांच्याकडे बघता येत नाही, अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलं. त्यात खुनासाठी आलेले होते आणि ज्याला नैतिक गुन्हा म्हणणं कठीण अशा कारणांनी आलेलेही होते, हेही त्याने नोंदवलं. चार दिवसांच्या पाहुण्याला जे दिसलं ते आम्हाला घरात बसून दिसायला सत्तरी उजाडावी लागली.

आता कागदांकडे येतो, कारण तुमच्यापैकी काहींना स्वतःचा शोध घ्यायचा असेल. मुंबईच्या पुराभिलेखागारात न्यायखात्याचे खंड आहेत. अंदमानचा काळ असेल तर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात गृहखात्याची पोर्ट ब्लेअर शाखा बघावी. लंडनला ब्रिटिश लायब्ररीत मुंबई सरकारच्या न्यायविषयक कामकाजाच्या प्रती आहेत. मॉरिशसला मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत कागद आहेत, पण ते गिरमिटियांचे, म्हणजे करारावर गेलेल्या मजुरांचे. कैदी वेगळे आणि गिरमिटिये वेगळे, ही गल्लत फार होते. मॉरिशसमध्ये आज जो मराठी समाज आहे, गणपती बसवतो, भजनं म्हणतो, तो मुख्यतः गिरमिटियांच्या वंशातला. कैदी त्यांच्या आधी गेले. आणि या क्षेत्रात काम करायचं तर क्लेअर अँडरसन या इंग्रज विदुषीची पुस्तकं वाचल्याशिवाय पाऊल टाकू नये. हिंदी महासागरातल्या कैद्यांवर त्यांनी आयुष्यभर काम केलं आहे.

जहाजावर चढवताना कैद्यांच्या याद्या होत. त्यात काय असतं? नाव, बापाचं नाव, जात, वय, उंची, गाव, गुन्हा, शिक्षा, आणि अंगावरच्या खुणा. देवीचे वण आहेत. डाव्या भुवईवर जुनी जखम आहे. उजव्या दंडावर गोंदलेलं आहे. आम्ही अशा याद्या पहिल्यांदा वाचल्या तेव्हा हात थांबला. बघा, त्या काळच्या मावळातल्या साध्या कुणब्याचं, कोळ्याचं वर्णन कुठेही नाही. बखरीत नाही, दप्तरात नाही. साऱ्याच्या वहीत नाव येतं, आकडा येतो. माणूस दिसतो तो फक्त इथे, सरकारला त्याला परत ओळखायचं होतं म्हणून. आमच्या घराण्यात कधीही कायदा न मोडलेले पाचपन्नास पूर्वज होऊन गेले, त्यांच्या भुवया कशा होत्या हे कुणी लिहून ठेवलेलं नाही.

पण गंमत अशी की हे वर्णन हाताशी असूनही माणूस सापडत नाही. नाव असतं अमका बिन तमका. आडनाव नाही. एकाच यादीत तीन रामे आणि चार लखमे. इंग्रज कारकुनाने जे ऐकलं ते लिहिलं, त्याच्या कानाला ळ आणि ल सारखेच. कोळी हा शब्द इंग्रजीत कितीदा कुली म्हणून उतरला आहे! गावाचं खुर्द-बुद्रुक गळतं. गावाचं नाव म्हणून कधी तालुका येतो, कधी जिल्हाच. आमच्या दर्शनांत एक जुनं उदाहरण आहे, वर्गात आम्ही शेकडो वेळा दिलेलं. 'सोऽयं देवदत्तः'. तोच हा देवदत्त. पूर्वी काशीत पाहिलेला आणि आज इथे दिसणारा माणूस एकच आहे हे ज्ञान, प्रत्यभिज्ञा म्हणतात त्याला. ते व्हायला आधी 'तो' पाहिलेला असावा लागतो आणि आता 'हा' दिसावा लागतो. आमच्याकडे 'हा' होता, याद्यांत शेकडोंनी. 'तो' कुठे होता? घरात कुणी सांगितलेलंच नव्हतं की त्याच्या भुवईवर जखम होती की नव्हती. ओळख पटवणारी खूण सरकारकडे होती आणि ती ज्याने ओळखावी ते माणूस, ती वाकलेली बाई, कधीच गेलेली. वर्गात सोपं वाटणारं उदाहरण दप्तरखान्यात बसल्यावर किती अवघड होतं ते आम्ही तेव्हा शिकलो.

त्या काळात मुंबईहून जन्मठेपी जात ते मुख्यतः सिंगापूर-पिनांगच्या बाजूला. मॉरिशसला पाठवणं १८३७ ला थांबलेलं. तेव्हा तो १८३९ किंवा ४५ चा असेल तर तिकडेच गेला असला पाहिजे. सिंगापूरचा कैद्यांचा तुरुंग जगावेगळा होता. कैद्यांवर पहारेकरी म्हणून कैदीच नेमलेले. मॅकनेअर नावाच्या तिथल्या अधिकाऱ्याने पुढे १८९९ मध्ये याच गोष्टीवर पुस्तक लिहिलं. कैद्यांचे वर्ग पाडलेले. सुरुवातीला साखळदंड आणि रस्त्याचं काम. वागणूक बरी असेल तर बेड्या हलक्या होत, मग हुन्नर शिकवला जाई. वीटकाम, सुतारकाम, लोहारकाम. बऱ्याच वर्षांनी सुटीचा दाखला मिळे, मग बाहेर राहून पोट भरायची मुभा. अनेकांनी तिथे संसार मांडले. सिंगापूरचं सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल आज पर्यटक बघतात, ते १८५६ नंतरच्या पाच-सहा वर्षांत हिंदी कैद्यांच्या हातांनी उभं राहिलं. त्याच्या गिलाव्याची कृती नोंदलेली आहे. चुना, अंड्याचा पांढरा बलक, गुळासारखी भरड साखर आणि नारळाचं सोडण भिजवलेलं पाणी. आपल्याकडे वाड्यांच्या चुन्यात गूळ घालत, हे इथल्या जुन्या गवंड्यांना सांगायला नको. आम्ही ते चर्च बघायला गेलो होतो. भिंतीला हात लावला. गुळगुळीत, पांढरी भिंत. आमच्या माणसाचा हात तिला लागला असेल असं म्हणण्याचा आम्हाला काडीचाही अधिकार नाही. तरी हात लावला खरा.

१८६७ ला सिंगापूर हिंदुस्थान सरकारच्या हातून गेलं, विलायतेतल्या वसाहत खात्याकडे. १८७३ ला तिथला कैद्यांचा तुरुंग मोडला आणि उरलेले कैदी अंदमानला हलवले. म्हणजे १८३९ ला गेलेला माणूस हयात असता तर म्हातारपणी दुसऱ्यांदा काळ्या पाण्यावर गेला असता.

इथे आम्ही थांबलो. कागद संपले नव्हते, आमची ताकद संपत आली होती. आणि तेव्हा, अगदी अकस्मात, घरातच एक गोष्ट हाती लागली. आमची एक आत्या, वयाने पार थकलेली, गप्पांच्या ओघात म्हणाली, "आणि नवमीचं पान?" कसलं नवमीचं पान? भाद्रपद वद्य नवमी, अविधवा नवमी. आमच्याकडे आहेव नवमी म्हणतात. सवाष्ण म्हणून गेलेल्या बाईचं पान त्या दिवशी वाढायचं. आमच्या घरी त्या दिवशीही एक बिननावाचं पान असायचं. आम्ही मुलगे, आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. बायका ते चुलीपाशीच उरकत. आत्याला तिच्या आईने, म्हणजे आमच्या आजीने सांगितलं होतं की हे कुंकवाच्या म्हातारीचं.

मंडळी, जरा सावकाश चला आता. आहेव नवमीचं पान वाढायचं ते नवरा मागे ठेवून गेलेल्या बाईचं. रूढी अशी की पुढे नवराही वारला की हे पान बंद. म्हणजे ती बाई मेली तेव्हा घराच्या हिशेबी तो जिवंत होता. तिने कुंकू पुसलं नव्हतं आणि कुणी तिला पुसायला लावलं नव्हतं. आपल्या मावळातल्या बहुतेक जातींत पाटाची चाल होती. जातीपुढे जाऊन मोकळी झाली असती, तर दुसरा संसार मिळाला असता. पुढे १८६० च्या दंडसंहितेनेही म्हटलं की सात वर्षं जोडीदार हयात असल्याचं कानावर आलं नाही तर दुसरं लग्न गुन्हा नाही. धर्मशास्त्रात बारा वर्षं खबर नसलेल्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करण्याचा विधी आहे. सगळीकडे दारं होती. ती एकाही दारातून गेली नाही. का, याचं उत्तर आम्ही बनवणार नाही. प्रेम असेल, हट्ट असेल, घरच्यांचा दाब असेल, जमिनीतल्या वाट्याचा प्रश्न असेल. बाई वाकेपर्यंत कुंकू लावत राहिली, एवढं खरं.

आणि त्याचं अमावस्येचं पान? ते तिच्या हयातीत वाढलं गेलंच नसणार. कपाळी कुंकू असलेल्या बाईच्या डोळ्यांदेखत नवऱ्याचं पितरांत पान कोण मांडेल? तेव्हा ते सुरू झालं ती मेल्यानंतर. नावाशिवाय आणि तिथीशिवाय. आता गंमत बघा. त्याचं पान सुरू झालं तर तिचं नवमीचं पान बंद व्हायला हवं होतं. ते झालं नाही. दोन्ही चालू राहिली. नवमीला तो जिवंत, सहा दिवसांनी अमावस्येला तो मेलेला. दर वर्षी. आमच्या घरातल्या बायकांनी ऐंशी-नव्वद वर्षं हे असं सांभाळलं. आम्ही तर्कशास्त्र शिकवत होतो, एकच विधान एकाच वेळी खरं आणि खोटं असू शकत नाही असं फळ्यावर लिहीत होतो, आणि घरी गवारीची भाजी आणि वडे वाढून तेच चाललं होतं. एकाही सुनेला ते खटकलं नाही. की खटकलं, आणि तरी तिने चालू ठेवलं?

दप्तरांनी जे दिलं नाही ते या दोन पानांनी दिलं. त्याची कधीच खबर आली नाही, मेल्याचीही नाही. ती त्याच्या नावाने घरात राहिली. आणि तिच्या पश्चात घराने दोघांचंही काही पुसून टाकलं नाही, फक्त नावं पुसली. आमच्या वंशावळीच्या कागदावर त्या फांदीच्या टोकाला एक शब्द आहे, 'नष्टांश'. हा कागद झाला तो धरणाच्या वेळी, भरपाईसाठी वारस दाखवायचे होते म्हणून. पलीकडे कुठे सिंगापुरात त्याची लेकरं-नातवंडं असतील तर त्यांच्या कागदावर मुळशी हा शब्द असेल का, असला तर कसल्या स्पेलिंगमध्ये, असं मनात येतं.

धरणाचं निघालंच आहे तर सांगतो. इथल्या लोकांना मुळशी सत्याग्रह सांगायला नको. टाटांचं धरण, १६ एप्रिल १९२१ ची रामनवमी, विनायकराव भुस्कुटे, सेनापती बापट, आणि १९२४ ला आटोपलेला लढा. मुळा-निळेच्या खोऱ्यातली कितीतरी गावं, आंबेमोहोराची भातखाचरं पाण्याखाली गेली, खाली भिऱ्याला वीज तयार झाली. त्यात आमचं गाव गेलं. ते घर, ती चूल जिथे नवमीचं पान वाढत, तो उंबरा जिथून त्याला नेलं असेल. आजी गाडीत बसून निघाली तेव्हा तिने घरातून काय काय घेतलं याची यादी ती आम्हाला सांगायची. जातं, देव, दोन हंडे, भाताचं बियाणं. दोन पानांचा रिवाज तिने त्या यादीत कधी मोजला नाही. पण तोही गाडीत होताच, कारण नव्या जागी पहिल्याच भाद्रपदात दोन्ही पानं वाढली गेली, असं आत्याचं म्हणणं.

ज्यांना आपल्या घरातल्या अशा माणसाचा शोध घ्यायचा आहे त्यांनी मुंबईला जाण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्क बाईला विचारा. कुठल्या तिथीला कुणाचं पान वाढता? बिननावाचं पान कुठलं? ते कधीपासून? ती उडवून लावेल, पुन्हा विचारा. आमची आत्या गेल्या वर्षी वारली. आणखी दोन वर्षं आम्ही कागदांत रमलो असतो तर नवमीचं पान आम्हाला कळलंच नसतं.

गेल्या भाद्रपदात आमच्या सुनेने विचारलं, "बाबा, नवमीचंही वाढायचं का आता? तो तर कधीच गेला असणार." दीडशे वर्षांचा हिशेब तिने एका वाक्यात केला. बरोबरच आहे तिचं. आम्ही म्हटलं, दोन्ही वाढ.

बराच वेळ घेतला. प्रश्न असतील तर घेऊ. आधी त्या कोपऱ्यातल्या आजी, त्यांचा हात मघापासून वर आहे.